खोळीवरचं नाव

बोम्पाए घाट. हाथोर महिना, नदी उतरायला लागली.

तामिनकडून धाकटी बहीण तबिकीला, मेम्फिस, छावणीमागची गल्ली.

मिन देवापुढे मी रोज तुझ्यासाठी हात जोडते, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे. आज जोडले नाहीत.

काल कोलूथची नाव लागली. मी घाटावर सूत धूत होते. तो लांबूनच तोंड पाडून येताना दिसला, मला वाटलं याचा बैल मेला. म्हणाला, "म्हातारे, बस जरा." मी म्हटलं, "ओल्या दगडावर मी बसत नाही. बोल." मग बोलला. तलू गेली, बाळंत झाली आणि गेली, तुझ्या बहिणीने सांगायला सांगितलंय. एवढं सांगून लगेच विचारतो, तिकडे कांद्याला भाव आहे, तुझे द्यायचेत का.

तबे, माझ्या नातीच्या मरणाची बातमी तू कांदेवाल्याच्या तोंडी धाडलीस. बापाने आपल्या दोघींना एकाच फळीवर अक्षरं शिकवली होती. माझी वाकडी आली, तुझी सरळ आली. सरळ अक्षराला काय झालं होतं?

तिची आई, माझी तेसेन, वारली तेव्हा तलू भिंतीला धरून चालत होती. मी तिला वाढवली, आणि तू म्हणालीस म्हणून उत्तरेला दिली. पेबो चांगला मुलगा आहे म्हणालीस, छावणीच्या भट्टीवर पाव भाजतो, पोर उपाशी मरणार नाही. उपाशी नाही मेली, ते खरं.

दुखवट्याचा चिखल डोक्यात घालून झाला माझा. वाळला, आता खाजतोय. रडणं नंतर. कामाचं ऐक.

कोलूथच्या याच फेरीला माझी मरणाची खोळ पाठवतेय. हो, तीच. तुझ्या हारसीभावोजींनी माझ्यासाठी केलेली. मुखवटा, छातीचा भाग, पायांची पेटी, सगळं गवतात गुंडाळून दिलंय. चिंध्या आणि खळ यांचे थर आहेत, वर चुना, वर रंग. पाणी लागलं तर भिजल्या मसुरीसारखी फुगेल, तेव्हा तळाशी ठेवू नको म्हणून त्याला तीनदा बजावलंय. मढं खारवणाऱ्या मीठवाल्यांचं काम पुरं झालं, तलूला गुंडाळून झालं, की तिला या खोळीत घाला. मापाची चिंता करू नकोस. मी तरुणपणी होते तेवढीच ती आहे, आणि हारसीने मला तरुणच केलंय. खुशामत्या होता मेला.

खोळीवर मधल्या पट्ट्यात माझं नाव आहे. मेलेल्याला लावतात तसं 'ओसिरिस तामिन' असं, त्याच्या हातचं. ते खरवडून काढायचं आणि 'ओसिरिस तलू, आई तेसेन' असं घालायचं. हे विसरलीस तर बाकी सगळं केलंस ते मातीत गेलं. मेलेल्यांच्या पश्चिमेच्या दारात देव खोळीवरचं वाचतात, तोंडाकडे बघत नाहीत. सोन्याची तोंडं सगळ्यांची सारखीच.

आणि बाळाचं काय झालं ते कोलूथला ठाऊक नाही. मुलगा की मुलगी, आहे की नाही, लिही.

माझी तू काळजी करू नकोस. मला दुसरी खोळ होईल, नाही झाली तर पोतं आहे.

तामिन


मेम्फिस. खोइआक महिना, तिसरा दिवस.

आदरणीय थोरल्या भगिनी तामिन यांस तबिकीकडून. आपल्या आरोग्यासाठी मी प्ताह देवाच्या चरणी नित्य प्रार्थना करते.

आपण पाठविलेले आवरण सुखरूप पोहोचले. पाहणाऱ्या प्रत्येकाने कारागिराच्या हाताची प्रशंसा केली. आपल्या नातीचे शरीर येथील अनुभवी लोकांच्या स्वाधीन केले असून सर्व विधी परंपरेनुसार चालू आहेत. बालकही मातेपाठोपाठ गेले. त्यास मातेच्या कुशीतच ठेवण्याची व्यवस्था केली आहे. पेबोची प्रकृती ठीक नाही. येथील प्रथेनुसार काम चालू असताना नातलगांना आत जाऊ देत नाहीत, त्यामुळे अधिक काही कळविता येत नाही.

मुदत पूर्ण होताच नावेने रवाना करू. आपण धीर धरावा. मृत्यू कोणास चुकला आहे?

तबिकी


बोम्पाए. खोइआक, उगवण पेरली तो दिवस.

तामिनकडून तबिकीला.

मला 'आपण' म्हणणारी तू कधीपासून झालीस गं? तुझ्या पत्राला देवळाच्या दारात बसणाऱ्या कारकुनाचा वास येतो. "मृत्यू कोणास चुकला आहे" हे वाक्य त्याने सकाळपासून दहा जणींना विकलं असेल. पुढचं तुझ्या हातचं लिही. वाकडं चालेल, मी वाकडं वाचते.

बाळ मुलगा की मुलगी हे अजून लिहिलं नाहीस. 'बालक' म्हणजे काय? बालक बकरीचंही असतं.

मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. तलूला मीठवाल्यांकडे नेताना तू बरोबर गेलीस का? तिचं तोंड कुणी धुतलं? उशाशी कोण बसलं आणि पायाशी कोण बसलं? उशाशी नेफ्थिस पाहिजे, पायाशी इसिस पाहिजे. मेलेल्याच्या दोन्ही टोकांना दोन बहिणी बसल्याशिवाय त्याला उठवत नाहीत. बायका कमी पडल्या म्हणून तुम्ही शेजारच्या पोरींना बसवलं असेल तर तसं लिही, मी काही तिकडे येऊन तुझ्या झिंज्या उपटत नाही.

खोळ नीट बघितलीस का? पोटाच्या भागावर मढ्याच्या उशाशी आणि पायाशी त्या दोघी बहिणी काढल्यात, हात कपाळाला लावलेल्या. ती तू आणि मी आहोत. हारसीने तुझं नाक मुद्दाम मोठं काढलं. मी म्हटलं, "अरे, माझी बहीण बघेल." तो म्हणाला, "बघेल तेव्हा मी नसेन." आणि पायाच्या पेटीला खालून बघ. तळव्याखाली बांधलेले दोन शत्रू आहेत. तलू लहान असताना ही खोळ माळ्यावर असायची. ही मेली वर चढून पायाकडून बघायची. "आजी, हे कोण गं तुझ्या पायाखाली?" मी म्हटलं, "एक सारा गोळा करणारा." "आणि दुसरा?" "तुझा आजा. मी मेल्यावर त्याला कळेल." मग ती रोज चढायची, त्या दोघांना कधी भाकरीचा तुकडा दाखवायची, कधी जीभ. आता तिच्या पायाखाली येतील ते. सारेवाल्याला बरं ओळखेल ती.

मी इकडे तिच्यासाठी कापड विणून ठेवलं होतं, निळ्या काठाचं, पहिलं मूल झालं की द्यायचं म्हणून. ते खोळीच्या आत घातलं होतं, मिळालं असेल. सगळ्यात बाहेरचा वेढा त्याचा द्या.

आज ओसिरिसची उगवण पेरली. साच्यात माती भरली, जव टाकले, पाणी घातलं. दरवर्षी देवाच्या पोटातून हिरवं उगवतं आणि सगळ्या बायका हरखतात, जणू पहिल्यांदाच बघतायत. मीही हरखते. यंदा मी तिचं नाव घेऊन पाणी घालतेय.

नाव बदललं का? तेवढं आधी लिही.

तामिन


मेम्फिस. मेखीर महिना.

आदरणीय भगिनी तामिन यांस तबिकीकडून.

कोलूथच्या नावेने आपली नात पाठवीत आहे. भाडे येथेच दिले आहे, त्यास काही देऊ नये. गळ्यात लाकडी पट्टी बांधली असून तीवर लिहिले आहे : 'तलू, आई तेसेन, बोम्पाए घाटावर उतरविणे.' बाहेरचा वेढा आपल्या निळ्या काठाच्या वस्त्राचा आहे.

एक विनंती आहे. आतील डांबर ओले असल्याने आवरणाची पाठीमागील शिवण कोणत्याही कारणास्तव उघडू नये. उघडल्यास हानी होईल, असे जाणत्यांचे सांगणे आहे. थेट कबरीत ठेवावे.

पेबो गेला.

ताई, शिवण उघडू नकोस.

तबिकी


बोम्पाए. फामेनोथ महिना, वारा पडलाय.

तामिनकडून तबिकीला.

आली. आठ दिवस झाले, सकाळी आली. शेवटची ओळ तुझ्या हातची होती, बाकी त्या कारकुनाची. म्हणजे तो उठून गेल्यावर तू लेखणी घेतलीस.

सांगते कसं झालं ते. कोलूथने हाक मारली, मी चार माणसं घेऊन घाटावर गेले. त्यांनी मागे आपल्या कुंभाराच्या मेलेल्या पोरीला खांदा दिला होता, ती मांस आणि हाडं धरून दोघांना जड झाली होती. चौघांनी खांदा दिला आणि चौघांचे खांदे वर उडाले. मागचा म्हणाला, "म्हातारे, तुझ्या नातीला मेम्फिसमध्ये कुणी जेवू घातलं नाही का?" मी म्हटलं, "तू तुझा खांदा धर." पण मलाही कळलं. वाटेत खड्ड्यात पाय गेला तेव्हा आत खसखसलं. वाळक्या बोरूचा भारा हलला की होतं तसं. तलू अशी वाजणारी पोर नव्हती.

घरी आणली, भिंतीशी उभी केली, आमच्याकडे महिनाभर घरात ठेवायची रीत आहे ती तू विसरली नसशील. मग गवत काढलं आणि वाचलं.

ओसिरिस तामिन.

तबे, खोळीवर माझं नाव आहे. एक अक्षर खरवडलेलं नाही. गळ्यातल्या पट्टीवर तलू, आणि पोटावर मी. पट्टी नावाड्यासाठी असते. घाटावर उतरलं की तिचं काम संपलं. खोळ असते ती तिकडच्यांसाठी. तुला हे ठाऊक आहे, बापाच्या वेळी पट्टी जाळून आपण चूल पेटवली होती.

दुपारपर्यंत सगळी आळी येऊन गेली. तेल काढणारी सेनपसे आली, उंबऱ्यातूनच म्हणते, "तामिन, तू गेलीस असं ऐकलं." मी म्हटलं, "हो, सकाळच्या नावेने परत आले. बस, मसूर टाकलीय." मेलेल्यांना पाणी घालणारा होर आला. त्याने भांडं उचललं, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं. म्हणाला, "आई, मी कुणाला पाणी घालू?" मी म्हटलं, "खोळीवर काय लिहिलंय?" तो म्हणाला, "तू." मग त्याने मला पाणी घातलं. मी समोर उभी होते. आपल्याला पाणी घातलेलं बघायचं नशीब सगळ्यांचं नसतं.

हसून झालं. आता लिहिते ते वाच.

मी अडाणी आहे, आंधळी नाही. कोलूथला विचारलं, मेम्फिसला सगळं ठीक ना. तो म्हणाला, छावणीमागची गल्ली काळी पडलीय. मी म्हटलं, काळी म्हणजे? तर दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच दोर पुन्हा गुंडाळत होता.

रोज तिच्यासमोर बसून जेवते. माझं तरुण तोंड, सोन्याचं, माझ्याकडे बघत असतं. मागे शिवण आहे. चाकू माझ्या हाताशी आहे, सुताचा. कापायला कितीसा वेळ लागतो. पण आत तलू असली आणि मी शिवण कापली तर मीच तिला मोडली असं होईल. मग ती तिकडे उघडी पडेल, अर्धी बांधलेली. आत ती नसली तर मी बोरूच्या भाऱ्याला पाणी घालतेय आणि माझी पोर कुठेतरी तहानेली पडलीय, आणि आपल्याला पाणी कोण घालणार म्हणून वाट बघतेय. कापलं तरी मी मेले, नाही कापलं तरी मी मेले. मेलेली आहेच, खोळीवर लिहिलंय.

तू एकच लिही. आहे की नाही. कारकुनाला सांगू नकोस. 'मृत्यू कोणास चुकला' नको. आहे, किंवा नाही.

उगवणीचं विचारशील तर कोंब आले होते. उंदरांनी खाल्ले.

तामिन


मेम्फिस. फार्मुथी महिना.

ताई,

नाही.

आता सगळं लिहिते, माझ्या हाताने. अक्षरं वाकडी येतात, समजून घे.

मुलगी झाली होती. पाओफीत झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. नाव ठेवलं नव्हतं. इकडे एवढ्या लहानांना घरातच उंबऱ्याखाली पुरतात, पण तलूने पुरू दिलं नाही. तिने पेबोला भट्टीवरून मीठ आणायला लावलं, खार आणायला लावला, आणि पिठाच्या रांजणात बाळाला स्वतः मीठ लावून ठेवलं. मी म्हटलं, अगं हे मीठवाल्यांचं काम. म्हणाली, "मावशीआजी, एवढ्याशा जिवाला ते दार उघडणार नाहीत. मला येतं, आजी मासे खारवते ते बघितलंय मी. वर जाणारी नाव मिळाली की आजीकडे नेऊ. आजीच्या खोळीच्या पायाशी जागा आहे, मी लहानपणी आत शिरून बघितलीय."

मग ताप आला गल्लीत. छावणीतून आला. पेबोला आधी, तो मेखीरपर्यंत रखडला, मग तिला. तीन घरं सोडून सगळीकडे. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते, तोंड मी धुतलं, हे खरं आहे. तुझ्या एकाच प्रश्नाचं हे एकच खरं उत्तर आहे. मग मी मीठवाल्यांकडे धावले. ते दारातूनच म्हणाले, तापाचं मढं आम्ही घेत नाही. मी दुसऱ्यांकडे गेले. तिसऱ्यांकडे गेले. एकाच्या पायावर पडले. तो म्हणाला, म्हातारे, माझ्या घरी पोरं आहेत.

परत आले तर छावणीच्या अंमलदारांनी गल्ली दोन्हीकडून बंद केली होती. मेलेल्यांना एकत्र घालून चुना टाकला आणि पेटवलं. गल्लीसकट. मला आधी वास आला तर वाटलं छावणीची भट्टी पेटवली. ताई, तिला जाळली. हाड राहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी राखेत हात घातला, कोणती कोण ते कळत नव्हतं.

माझं घर गल्लीच्या तोंडाशी, बंद केलेल्या भागाबाहेर; रांजण तेवढा माझ्या परड्यात होता, म्हणून वाचला.

कोलूथला मी बाळंतपण सांगितलं, आग नाही सांगितली. आपल्याकडे चोराला जाळतात, देवाच्या शत्रूंना जाळतात. जळलेल्याला परत यायला अंग नाही, घास घ्यायला तोंड नाही. मी हे तुला कसं सांगणार होते? आणि मग तुझी खोळ आली. हारसीभावोजींचा हात. माझं नाक मी बघितलं. ती परत पाठवावी तर तुला कळेल. ठेवून घ्यावी तर चोरी. मग मी त्यात बाळाला घातलं, तुझं निळ्या काठाचं कापड गुंडाळून, वर-खाली बोरू भरून लांबी केली. तुला काहीतरी मिळावं म्हणून केलं.

रंगाऱ्याला बोलावलं होतं नाव बदलायला. तो खरवडणी घेऊन बसला. म्हणाला, काय घालू? मला सांगवेना. तिचं नाव त्या बोरूवर लिहिलं असतं तर ती कायमची बोरूचीच झाली असती. मी तुझ्याशी खोटं बोलले, दारावरच्या देवांशी मला बोलता आलं नाही. त्याला थोडे पैसे देऊन, काम नाही म्हणून परत पाठवलं आणि तुझं नाव तसंच राहू दिलं. वाटलं, तू म्हातारी, तुला दिसणार नाही. वेडी आहे मी. तुला कधी काय दिसलं नाही?

ताई, आता तू सांगशील तसं करीन. खोळ उघडायची तर उघड. पोरीला वेगळी पूर, खोळ तुझी तुला ठेव. मी तिकडे येऊ का? माझ्या तोंडावर थुंकायचं असेल तर थुंक.

तबे


बोम्पाए. पाखोन महिना, कापणी चालू.

तामिनकडून तबिकीला.

तुझं पत्र वाचलं. एकदाच वाचलं, मग चुलीत घालणार होते, पण हात थांबला. आग नको वाटते सध्या. पत्राचा मी खळीत भिजवून लगदा केला आणि दाराच्या फटीत भरला.

तू येऊ नकोस. दोन म्हाताऱ्या एका चुलीशी बसून रडायला लागल्या तर मसूर करपेल. थुंकायचं म्हणतेस तर तेवढी थुंकी माझ्या तोंडात राहिलेली नाही. खोटं बोललीस, त्याचं काय करायचं ते मला सुचत नाही. मी तुझ्या जागी असते तर आणखी नीट बोलले असते, तुला कधी कळलं नसतं. तू लहानपणापासून खोटं बोलण्यात कच्ची. नाव बदललं नाहीस ते बरोबर केलंस. तेवढं एक.

शिवण मी उघडली नाही. उघडणार नाही.

काल तिला कबरीत ठेवली. चौघं तेच होते, या वेळी कुणी विनोद केला नाही, मीच एक केला, कुणी हसलं नाही. होरने विचारलं, "आई, आता तरी नाव बदलू ना? रंगारी आणलाय." मी म्हटलं, नको. "मग कुणाच्या नावाने?" मी म्हटलं, जे लिहिलंय त्या नावाने. त्याने भांड्याची तोटी उघडून पाणी सोडलं, 'ओसिरिस तामिन' म्हणाला, आणि दगड लावला.

असं बघ. ती पोर तिकडे दारात जाईल. तिला नाव विचारतील. तिला नाव नाही, कुणी ठेवलंच नव्हतं. तर ती वर बघेल, खोळीवर लिहिलंय ते सांगेल. तामिन. सगळं जुळतं. खोळ तामिनची, पाणी तामिनला, तोंड तामिनचं, सोन्याचं. उशाशी तू आहेस मोठ्या नाकाची, पायाशी मी. पायाखाली सारेवाला. मग काळीज तराजूत घालतील, समोर खरेपणाचं पीस ठेवतील. तिथे मला उभी केली असती तर मला खूप काही नाकबूल करावं लागलं असतं, आणि त्यातलं निम्मं खोटं. एका दिवसाच्या पोरीच्या काळजावर काय असणार? तिने काय चोरलं, कुणाला शिवी दिली, कुणाचं पाणी अडवलं? पीसच जड होईल. तामिन नावाची बाई पार होईल. माझ्या नावावर एवढं हलकं काळीज कधी लागलं नसतं.

म्हणजे माझं नाव वापरून झालं. एकदा गेलेली तामिन पुन्हा दारात आली तर ते म्हणतील ही कोण लबाड. मी जाणार नाही. होरला सांगून ठेवलंय, मी गेले की मीठ नको, वेढे नकोत, खोळ नको. पोत्यात घालून वाळूत टाका, कोल्ह्यांना जास्त दम लागणार नाही. तो म्हणाला, "आई, असं बोलू नये, मग तू कुठेच उरणार नाहीस." मी म्हटलं, तिथेच जायचंय.

लोक जातात ते पुढे आपलं माणूस भेटेल म्हणून. माझं माणूस तिकडे नाही. मी शेतं बघायला जाऊ का तिथली? शेतं मी इथे बघितली. तलू कुठेच नाही ना, मग मी कुठेच नाही. तिला आजीची सवय आहे.

हारसी वाट बघत असेल, पण त्याला बाकीच्या बायका रंगवायला मिळाल्या असतील.

रोज सकाळी पाणी भरताना घाटावर मी तिचं नाव घेते. मोठ्याने नाही. आज सेनपसेने विचारलं, काय पुटपुटतेस? मी म्हटलं, घागर मोजते. मी आहे तोवर ते नाव एवढं ओलं राहील, मग तेही वाळेल.

आणि यापुढे पत्रावर 'तामिनला' असं लिहू नकोस. कोलूथ सरळ माणूस आहे, तो ते टेकडीवर कबरीत नेऊन टाकेल.